वाचकांचे प्रश्न : महाकाय भोपळ्यांची नावं कशी वाचायची?

प्रश्न : अमेरिकेत टॉप्सफील्डच्या जत्रेत महाकाय भोपळे पाहिले. नंतर एका बागायतदाराने बी दिलं, पाकिटावर ‘२००९ वॉलेस’ असं होतं. इतकं जुनं बी उगवेल का? (वाचक, बॉस्टन)

२००९ हे साल नव्हे, वजन आहे, तेही पौंडांत. स्पर्धेतल्या भोपळ्याला काट्यावर भरलेलं वजन आणि पिकवणाऱ्याचं आडनाव मिळून नाव मिळतं. गोंधळ टाळायला शेवटी साल जोडतात. तुमचं बी ज्या भोपळ्याचं, तो ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांचा. २०१२ साली टॉप्सफील्डलाच तो २,००९ पौंड, म्हणजे सुमारे ९११ किलो भरला. २,००० पौंडांपलीकडे गेलेला तो जगातला पहिला भोपळा. पूर्ण नाव ‘२००९ वॉलेस २०१२’ असं लिहिलं असतं तर तुमची फसगत झाली नसती. म्हणून पाकिटावर साल लिहायचा कंटाळा करू नये.

वजन युरोपात किलोंत झालं तरी नाव पौंडांतच पडतं. स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांचा २०१४ चा भोपळा १,०५४ किलोंचा, म्हणजे २,३२३.७ पौंड. त्याचं नाव ‘२३२३ मायर’. बेल्जियमच्या मातियास विलेमाइन्स यांचा २०१६ चा १,१९०.५ किलोंचा भोपळा ‘२६२४ विलेमाइन्स’. अपूर्णांक वर ढकलत नाहीत, सहसा सोडून देतात.

आता उगवणीचं. बी थंड आणि कोरड्या जागी ठेवलं असेल तर आशा आहे. टोकाची बाजू सोडून बाकीच्या कडा बारीक कानशीने हलक्या घासा, कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवा आणि ३० अंशांच्या आसपास उबेत ठेवा. टोकाकडून मूळ निघतं, तिथे कानस लागली की बी गेलंच.

प्रश्न : ‘२१४५ मॅकमुलन × २००९ वॉलेस’ अशा नोंदीत आई कोण, बाप कोण? ‘सेल्फ’ आणि ‘ओपन’ म्हणजे काय? (वाचक, पुणे)

आधी आई, मग बाप. म्हणजे ‘२१४५ मॅकमुलन’च्या बियांपासून वाढलेल्या वेलावर फळ धरलं आणि पराग ‘२००९ वॉलेस’च्या वेलाचा. ‘सेल्फ’ म्हणजे त्याच वेलाचं नर फूल वापरलं, ‘सिब’ म्हणजे त्याच भोपळ्याच्या दुसऱ्या बियाचा वेल, आणि ‘ओपन’ म्हणजे मधमाशांनी काय आणलं ते कुणालाच माहीत नाही.

नावातली आईची बाजू सहसा चुकत नाही. बापाची बाजू मात्र माणसाच्या हातावर अवलंबून असते. उद्या उमलणारी फुलं आदल्या संध्याकाळी पाकळ्यांच्या पिवळ्या पडलेल्या टोकांवरून ओळखू येतात. त्याच वेळी मादी आणि नर दोन्ही फुलं मऊ दोऱ्याने बांधा. सकाळी फूल उघडायच्या वेळेला दोन-तीन नर फुलांच्या पाकळ्या काढून त्यांचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीच्या प्रत्येक पाळीवर फिरवा. एखादी पाळी राहिली तर फळ एका बाजूने दबलेलं वाढू शकतं. लगेच मादी फूल पुन्हा बांधा आणि तारीख व बापाचं नाव लिहिलेली चिठ्ठी देठाजवळ लावा. ही दुसरी बांधणी लोक विसरतात, माशी आत शिरते आणि ‘×’ नंतरचं नाव खोटं ठरतं. तापमान ३२ अंशांपुढे गेलं की फळधारणा कमी होते, त्यामुळे फुलावर सावली करा.

एक लक्षात ठेवा : नावातलं वजन त्या भोपळ्याचं आहे, बियाचं नाही. एकाच भोपळ्याच्या सगळ्या बियांना एकच नाव असलं तरी त्या सारख्या नसतात. त्या नावाच्या इतर बियांनी काय दिलं, हे विचारल्याशिवाय महाग बी घेऊ नये.

प्रश्न : बियांच्या यादीत काही नावांपुढे ‘एस्ट’, काहींपुढे ‘डीएमजी’ असतं. (वाचक, सांगली)

‘एस्ट’ म्हणजे भोपळा काट्यावर चढलाच नाही, वजन टेपवरून काढलं. त्यासाठी तीन मापं घेतात : आडवा घेर, देठाकडच्या जमिनीपासून माथ्यावरून फुलाकडच्या जमिनीपर्यंत, आणि तसंच एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. तिन्हींची इंचांतली बेरीज वजनाच्या तक्त्यात पाहायची. तक्ता २,००० सांगतो आणि काटा २,१०० दाखवतो, तर फळ ‘पाच टक्के हेवी’. फळाची भिंत पातळ असेल तर उलट, ‘लाइट’.

‘डीएमजी’ म्हणजे वजन खरं, पण फळ बाद. पोकळीपर्यंत गेलेली चीर किंवा सड हे त्याचं नेहमीचं कारण. पाऊस पडून अचानक पाणी वाढलं की देठाजवळ किंवा फुलाच्या टोकाला फळ तडकतं. पण बी बाद होत नाही, वंशासाठी ते चालतं.

प्रश्न : ‘पम्पकिन’ आणि ‘स्क्वॉश’ वेगळे का मोजतात? (वाचक, अमरावती)

रंगामुळे. पिवळसर ते नारिंगी फळ पम्पकिन, हिरवं-करडं-निळसर फळ स्क्वॉश. दोन्ही ‘अटलांटिक जायंट’, म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी निवडीने घडवलेलं वाण. जात कुकुरबिटा मॅक्सिमा. आपला नेहमीचा लाल भोपळा, काही भागांतलं डांगर, बहुतेक वेळा मोस्काटा या दुसऱ्या जातीचा असतो. त्याचं बी लावून या वजनांची अपेक्षा धरू नका.