नोकरी, घर आणि लहान मूल सांभाळून लेखन कसं टिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत एकही कथा पुरी झाली नाही आणि पहाटे पाचला उठायचा बेत चार दिवसांत बारगळला. चार दिवस म्हणजे पुष्कळ. माझा दुसऱ्याच दिवशी बारगळला होता.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सोळा वर्षं हौशी मंडळींसाठी नाटकं लिहितोय, त्यातली सात राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहिली. बक्षिसांचं विचारू नका. (एकदा नेपथ्याला दुसरं मिळालं, त्यात लेखकाचा काही हात नव्हता.) यात मर्दुमकीही नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, तेव्हापासून गावालाच ही खोड आहे.

माझं वेळापत्रक मी ठरवत नाही, स्पर्धा ठरवते. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. त्याआधी दीड-दोन महिने तालमी. शिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. असं उलटं मोजत आलं की गणपतीच्या आधी संहिता दिग्दर्शकाच्या हातात पडायला हवी. म्हणजे लिहायचं ते पावसाळ्यात. जानेवारी ते मार्च मी एक ओळ लिहीत नाही. ज्याच्या मानेवर मार्चअखेर आहे त्यानं लिहूही नये. तेव्हा फक्त सुचेल ते चुकलेल्या स्लिपांच्या पाठीवर खरडून खणात टाकतो आणि जूनमध्ये खण उपडा करतो. निम्म्या चिठ्ठ्या माझ्या मलाच कळत नाहीत.

उरलेल्यांत कधी मोठा ऐवज निघतो. एक आजोबा दर सोमवारी पाचशे काढायचे आणि गुरुवारी तेच पाचशे परत भरायचे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "पैसं हायत का न्हाईत, बघाय नको?" या एका वाक्यावर माझा अख्खा दुसरा अंक उभा राहिला. नोकरी सोडून घरी बसलो असतो तर हे आजोबा मला कुठून मिळाले असते?

खंडही पडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर महिनाभर मी लोकांच्या भिजलेल्या पासबुकांची चिकटलेली पानं सोडवत होतो. त्या वर्षी नाटक झालं नाही. पुढंही झालं नसतं, पण आमच्यातला एसटीचा मेकॅनिक रोज काउंटरवर येऊन "काय लिवलं?" म्हणायला लागला. टाळून टाळून किती टाळणार? म्हणून आता पहिला अंक झाला की दुसऱ्याचा पत्ता नसतानाही मी वाचनाची तारीख सांगून टाकतो. आठ माणसं दुकानं बंद करून, पोरांना झोपवून येतात. त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं बसायची लाज वाटते, आणि ती लाज लिहून घेते. तुम्हीही दोन माणसं गाठा. महिन्यातला एक रविवार ठरवा आणि कथा मोठ्यानं वाचून दाखवा, अर्धी असली तरी.

आता जे सांगायला जड जातं ते. लोक मला "वेळ कसा काढता?" विचारतात आणि मी बरीच वर्षं छाती फुगवून उत्तर द्यायचो. चौथ्या वर्षी रंगीत तालीम होती. मुलगी वर्षाची, अंगात ताप. माझा फोन बंद. साडेअकराला घरी आलो तेव्हा बायको काहीच बोलली नाही. तीन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी तालीम असते तेव्हा माझं काय असतं?"

मी वेळ काढला नव्हता, तिचा वापरला होता. न विचारता.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलगी माझ्याकडे. बायको गाण्याच्या क्लासला जाते. तालमींच्या तारखा महिनाभर आधी कालनिर्णयवर लिहायच्या, आणि प्रयोग झाला की पुढच्या महिनाभराच्या संध्याकाळी तिच्या. तरी हिशेब जुळलेला नाही. कॅशियर आहे, फरक मला दिसतो.

तुमचं मूल दोन वर्षांचं आहे म्हणता. तर कोणती वही आणायची, किती वाजता उठायचं हे नंतर बघा. आधी घरात बसून उघड बोला, की आठवड्यातले दोन तास कोण देणार आणि त्याबदल्यात त्याला कोणते दोन मिळणार. दोन तासांत कादंबरी होत नाही, चार पानांची कथा महिन्याभरात होते. या वर्षी तेवढीच करा.

लिहायला कोणतं ॲप वापरता, असंही विचारलंय. मी पेन्सिल वापरतो. काउंटरवरची पेनं दोरीला बांधली तरी लोक घेऊन जातात.