उलट उत्तर नव्हे, बरोबर उत्तर

नमस्कार,

नववीतल्या मुलाला ३३५५०३३६ या संख्येचे सारे गुणधर्म तोंडपाठ असूनही गणितात ६८ गुणच कसे पडतात आणि अशा मुलाला पुढे कोणत्या शाखेला घालावे, असे आपण विचारले आहे. गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही, ते सरावाने वाढतील. काळजी वाटली ती आपण ओघात लिहून गेलेल्या एका प्रसंगाची. घरी पाहुणे आले की आपण त्याला ही संख्या 'म्हणून दाखवायला' लावता. गेल्या वेळी, परिपूर्ण संख्यांच्या शेवटी आळीपाळीने ६ आणि ८ येतात असे आपण सांगत असताना तो 'नेहमी नाही' म्हणाला, तेव्हा उलट बोलतो म्हणून आपण सर्वांदेखत त्याला गप्प बसवलेत. तेव्हापासून तो गणिताच्या वहीला हात लावत नाही, ही आता आपलीच तक्रार आहे.

त्याचे बरोबर होते. जिच्या स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या. ६, २८, ४९६, ८१२८ आणि ३३५५०३३६ या पहिल्या पाच पाहिल्या तर पाळी चोख दिसते, पण सहावी संख्या ८५८९८६९०५६ आहे आणि तिच्याही शेवटी ६ आहे. इसवी सन १०० च्या सुमारास निकोमाखस या ग्रीक लेखकानेही पहिल्या चार संख्यांवरून हाच नियम सांगितला होता, त्यामुळे ही चूक करणारे आपण पहिले नाही. मुलाने मात्र एक पाऊल पुढे जाऊन पडताळा घेतला.

संख्येला लागणारी विशेषणे पाठ असणे म्हणजे गणित येणे, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. सम, संयुक्त, परिपूर्ण, १ ते ८१९१ या संख्यांची बेरीज म्हणून त्रिकोणी, असे कितीही सांगता येईल, पण गणित सुरू होते ते 'का' विचारल्यावर. ही संख्या ४०९६ × ८१९१ आहे, म्हणजे २ चा बारावा घात गुणिले २ च्या तेराव्या घातापेक्षा १ ने कमी असलेली संख्या. ८१९१ मूळ संख्या आहे म्हणून हे जमते. तेराऐवजी अकरावा घात घेतला तर २०४७ मिळतात, ते २३ × ८९ निघतात आणि सगळे फिसकटते. या रीतीने परिपूर्ण संख्या मिळते हे युक्लिडने सिद्ध केले आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या रीतीने मिळूच शकत नाही हे ऑयलरने. त्यावरून, ६ वगळता, पहिला गुणक नेहमी ४ चा घात असतो, म्हणून त्याच्या शेवटी ४ किंवा ६ येतो. ४ आल्यास दुसऱ्या गुणकाच्या शेवटी ७ आणि गुणाकाराच्या शेवटी ८ येतो, तर ६ आल्यास अनुक्रमे १ आणि ६. एवढे नववीच्या मुलाला कागदावर नक्की मांडता येते. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे तर अजून कोणालाच ठाऊक नाही.

ऑलिम्पियाड, बारावीनंतर गणिताची पदवी, संगणकशास्त्र हे मार्ग आपल्याला माहीत आहेतच आणि त्यांतला एक निवडायला अजून वेळ आहे. पाहुण्यांपुढचे प्रयोग मात्र आजच बंद करा. आणि त्याची माफी मागा, शक्य झाल्यास त्याच पाहुण्यांसमोर.