स्पॅगेटी तेल का धरत नाही?

प्रश्न : मी लसूण-तेलाची इटालियन स्पॅगेटी करते. शिजल्यावर गार पाण्याने धुते. लसूण कडू लागतो आणि तेल ताटात खाली उरतं. काय चुकतं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : धुऊ नका, अजिबात नाही! तेल धरून ठेवणारा स्टार्चच त्यात वाहून जातो. २०० ग्रॅम स्पॅगेटीला २ लिटर पाणी, २० ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधीच उपसा, ती शिजलेलं वाटीभर पाणी राखून ठेवा.

लसूण कडू होतो तो तापलेल्या तेलामुळे. ५ पाकळ्यांचे पातळ काप ४ मोठे चमचे गार ऑलिव्ह तेलात टाका, मगच मंद आच लावा. कडा पिवळसर दिसताच सुकी मिरची चुरडून घाला. आपली कांदा-लसूण चटणी मात्र नको, ती लगेच करपते. आता स्पॅगेटी आणि राखलेलं अर्धी वाटी पाणी घालून मोठ्या आचेवर सतत हलवा. तेल-पाणी एकजीव होऊन दुधाळ चकाकी आली की उतरवा.