काळ्या कोंबड्याची बाटली

प्रश्न: जावयांनी इटलीहून रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. दोन्हींवर 'कियांती' लिहिलंय, पण एकीच्या गळ्यावर काळा कोंबडा आहे आणि नावापुढे 'क्लासिको'. फरक काय? रविवारी सुरमईबरोबर उघडू का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: फरक जमिनीचा. कोंबड्याची बाटली फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांवरची. तिथल्या कियांती भागाची हद्द तस्कनी या इटलीतल्या प्रांताचा राजा, ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने १७१६ साली फर्मान काढून आखून दिली होती. पुढे नावाला भाव आला, तसे आसपासचे लोकही तेच नाव लावू लागले. तेव्हा १९२४ साली ३३ उत्पादकांनी राद्दा गावी संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. तरीही १९३२ साली सरकारने कियांतीची हद्द वाढवलीच. जुन्या भागाला 'क्लासिको' म्हटलं गेलं. दुसरी बाटली म्हणून नकली ठरत नाही, ती मोठ्या हद्दीतली आहे इतकंच. क्लासिकोत सांजोवेझे द्राक्ष किमान ८० टक्के लागतं, साध्या कियांतीत ७०. क्लासिकोवर 'रिझर्वा' लिहिलं असेल तर ती किमान २४ महिने मुरवलेली.

सुरमईबरोबर मात्र उघडू नका. या वाइनच्या तुरटपणाशी तेलकट मासा भिडला की तोंडात लोखंडासारखी चव येते. झणझणीत मालवणी मटणही नको, तिखटाने वाइन जास्तच जळजळते. टोमॅटो घालून, मिरची हात राखून केलेला खिमा करा. सांजोवेझेचा आंबटपणा आणि टोमॅटोचा आंबटपणा असे जुळतात, की दुसरं काही शोधावंसं वाटत नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशातला. आपल्याकडे मे महिन्यात घरात ३२ अंश असतात. हिला १६ ते १८ हवेत. त्यामुळे बाटल्या कपाटावर किंवा ओट्याजवळ ठेवू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा. जेवायला बसण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. साधी कियांती आधी संपवा, ती ठेवून सुधारत नाही. क्लासिको गणपतीनंतर उघडलीत तरी चालेल.