बॅकहॉलची नवी लिंक आखताना

मायक्रोवेव्ह बॅकहॉलच्या, म्हणजे मोबाइल टॉवरना मुख्य नेटवर्कशी जोडणाऱ्या बिनतारी लिंकच्या कामात तुम्ही नव्याने येत आहात, म्हणून सांगतो की माहितीपत्रकावरील कमाल वेगावरून लिंकची निवड करू नका. क्वॅम म्हणजे लहरीच्या एकेका बदलात (सिम्बॉलमध्ये) अनेक बिट भरण्याची पद्धत; २५६ क्वॅमऐवजी ४०९६ क्वॅम वापरल्यास प्रत्येक सिम्बॉलमागे ८ ऐवजी १२ बिट जातात, म्हणजे क्षमता दीडपट होते. परंतु त्यासाठी सिग्नल सुमारे १२ डेसिबलने अधिक स्वच्छ लागतो, आणि ही किंमत लांब पल्ल्याच्या लिंकला सहसा परवडत नाही.

सध्याचा खरा कल ई-बँड या उच्च वारंवारितेच्या पट्ट्याकडे आहे. त्यातील ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झमध्ये रुंद चॅनेल मिळत असल्याने १० गिगाबिटपर्यंतचा वेग शक्य होतो, मात्र मुसळधार पावसात हाच सिग्नल झपाट्याने क्षीण होतो. म्हणूनच त्याच्या जोडीला १८ गिगाहर्ट्झसारखा खालचा बँड ठेवून महत्त्वाची डेटा वाहतूक त्या खालच्या बँडवर सुरक्षित राखण्याची पद्धत मला सर्वांत समंजस वाटते.

अँटेना जुळवताना घाई करू नका. ६० सेंटिमीटरच्या ई-बँड डिशचा झोत एक अंशाहूनही अरुंद असतो, त्यामुळे पहिले शिखर दिसताच बोल्ट आवळले तर लिंक बाजूच्या लोबवरच (मुख्य झोताशेजारच्या कमकुवत झोतावर) अडकण्याचा धोका असतो; मिळालेली सिग्नल पातळी आधी गणिताने काढलेल्या पातळीशी ताडून पाहा.