दूध डेअरीचा दुसरा सर्व्हर

प्रश्न : ताई, आमची कोल्हापूरजवळ मध्यम आकाराची दूध डेअरी आहे. 42 गावांत संकलन केंद्रं, 6,000 उत्पादक. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या घन घटकांची) नोंद केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर होते आणि नेटवरून ऑफिसातल्या मायएसक्यूएल 8 या डेटाबेसच्या सर्व्हरला येते. केंद्रावर पंधरा दिवसांच्या नोंदी राहतात. मागच्या महिन्यात नेमकी बिलाच्या दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. आता मालक पुण्यात दुसरा सर्व्हर घ्यायला तयार आहेत. सॉफ्टवेअरवाले म्हणतात सिंक्रोनस रेप्लिकेशन लावा, म्हणजे नोंद दोन्ही सर्व्हरवर चढल्याशिवाय पक्की धरायची नाही. मालकांचा भाचा म्हणतो, दोन्हीकडे लिहिता येईल असं मास्टर-मास्टर लावा. मी नक्की काय लावू?

उत्तर : भाच्याला चहा पाजा आणि मास्टर-मास्टरचा विषय तिथेच मिटवा. दोन्ही सर्व्हरवर लिहायला लागलं की पहिली अडचण नोंदक्रमांकांची येते. ती सोडवता येते, एकाला विषम आकडे द्यायचे, दुसऱ्याला सम. पण कोल्हापुरात कारकुनाने एका उत्पादकाची पशुखाद्याची कपात 1,200 केली आणि त्याच वेळी पुण्याच्या सर्व्हरवरून कुणी तीच ओळ 1,500 केली, तर खरं काय? साध्या मास्टर-मास्टरमध्ये याला उत्तर नाही. दोन ठिकाणी दोन आकडे राहतात आणि ते तुम्हाला उत्पादक येऊन सांगतो, मोठ्या आवाजात.

आता सॉफ्टवेअरवाल्यांचं. मायएसक्यूएलच्या साध्या रेप्लिकेशनमध्ये ते म्हणतात तसं काटेकोर सिंक्रोनस नसतंच. असते ती सेमी-सिंक. मुख्य सर्व्हर व्यवहार पक्का झाल्याचं सांगण्याआधी रेप्लिकाकडून (प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडून) ‘मिळालं’ एवढीच पोच घेतो. रेप्लिकाने ते आपल्या टेबलात चढवलं की नाही, हे तो बघत नाही. आणि पोच दहा सेकंदांत आली नाही (मूळ सेटिंग तेवढंच आहे), तर तो वाट बघणं सोडतो आणि गुपचूप असिंक्रोनस होतो. तुमचं काम चालू राहतं, हमी मात्र गेलेली असते.

यात मी स्वतः पोळले आहे. एका वित्तसंस्थेचे डेटाबेस सांभाळत होते. सेमी-सिंक आहे असं आम्ही ऑडिटरला लेखी द्यायचो. एका रविवारी रेप्लिका रीस्टार्ट झाली. आम्ही सेटिंग चालू सर्व्हरवर दिलं होतं, कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचं राहिलं होतं, म्हणून ती उठली ती साधी असिंक्रोनस होऊन. पाच महिन्यांनी कळलं, तेही दुसरं काहीतरी शोधताना. तेव्हापासून मी सेमी-सिंकचा स्टेटस बघून मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट आधी लिहिते, रेप्लिकेशन नंतर.

तर तुमच्यासाठी काय? तुमच्याच पत्रातलं एक वाक्य फिरून वाचा : ‘केंद्रावर पंधरा दिवसांच्या नोंदी राहतात.’ म्हणजे दुधाच्या नोंदींची एक प्रत तुमच्याकडे आधीपासून आहे, 42 तुकड्यांत विखुरलेली. ऑफिसचा सर्व्हर गेला आणि पुण्याच्या रेप्लिकाला शेवटच्या चार सेकंदांचं दूध पोचलेलं नसलं, तरी केंद्रांना म्हणता येईल, सकाळची पाळी परत पाठवा. त्यासाठी साधी असिंक्रोनस रेप्लिकेशन पुरते. अट एवढीच की परत पाठवलेली नोंद दुसऱ्यांदा चढता कामा नये. केंद्र, तारीख, पाळी, उत्पादक क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून युनिक की (तीच नोंद दोनदा चढू न देणारी अट) आहे का, ते आज बघा. नसेल तर सर्व्हरची खरेदी थांबवा आणि आधी ते करा.

उचल, कपात आणि बँकेत पाठवलेली बिलाची रक्कम मात्र ऑफिसातच टाइप होते. तिची दुसरी प्रत कुठेच नाही. बिल बँकेत गेलं, सर्व्हर बसला आणि रेप्लिकाला ‘दिलं’ ही खूणच नसली, तर तुम्ही तेच पैसे पुन्हा द्याल. इथे सेमी-सिंकला अर्थ आहे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अशी सक्ती एकेका व्यवहारापुरती लावता येते. मायएसक्यूएलमध्ये ती सगळ्या सर्व्हरला लागते. मग दुधाच्या नोंदी रेंगाळतील का? कोल्हापूर-पुणे रस्त्याने सुमारे 230 किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंदांच्या आत. साध्या लाइनवर त्याच्या कित्येक पट लागतात. वीस धरू. काट्यावर उभ्या माणसाला वीस मिलिसेकंद कळणार नाहीत. बिलाचा प्रोग्राम मात्र 40,000 ओळी एकेक करून कमिट (पक्क्या) करत असेल, तर नुसत्या वाट बघण्यात 800 सेकंद जातील, म्हणजे तेरा मिनिटं. हजार-हजारच्या गठ्ठ्यात कमिट केलं तर एक सेकंदही नाही. हे काम सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे, त्यांच्याकडूनच करून घ्या.

म्हणून माझा कौल : एकाच दिशेने, कोल्हापूरहून पुण्याला, जीटीआयडी (प्रत्येक व्यवहाराला वेगळा ओळखक्रमांक) चालू करून, सेमी-सिंक. ती मधूनच असिंक्रोनस झाली तर दुधाचं काम चालू द्यायचं, पण बिलाची फाइल बँकेत पाठवण्याआधी स्टेटस बघायचा. बिनलॉग (रेप्लिकाकडे जाणारी बदलांची नोंदवही) ओळींच्या स्वरूपातच ठेवा, 8 मध्ये मूळचं तेच आहे. जुन्या पद्धतीत आख्खी क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) पलीकडे पाठवतात आणि क्रम न सांगता ‘पहिल्या शंभर ओळी बदल’ असं लिहिलेलं असेल, तर तिकडच्या शंभर ओळी वेगळ्या निघू शकतात. ओळींच्या पद्धतीची खोड वेगळी : टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसेल तर बदललेली ओळ शोधायला रेप्लिकाला पुन्हा पुन्हा सगळा टेबल चाळावा लागतो आणि ती तासन्‌तास मागे पडते. कपातींच्या टेबलाला ती नसणार, अशी मला दाट शंका आहे. बहुतेक ठिकाणी नसते.

रेप्लिकावर ‘सुपर रीड ओन्ली’ (फक्त वाचा, लिहू नका) लावा. नुसत्या रीड ओन्लीने बडे अधिकार असलेला लॉगिन अडत नाही, आणि भाच्याकडे तोच लॉगिन असणार. रिपोर्ट तिकडून काढा, पण फॅट दुरुस्त करून लगेच प्रिंट घेणाऱ्या कारकुनाला मुख्य सर्व्हरवरच ठेवा. रेप्लिका दहा सेकंद मागे असली तर त्याला जुनी फॅट दिसेल आणि तो पुन्हा दुरुस्त करायला बसेल. रात्रीचा बॅकअप चालूच ठेवा. कुणी चुकून टेबल उडवला तर तो पुण्यातही तितक्याच तत्परतेने उडतो.

मुख्य सर्व्हर बसला की पुण्याचा आपोआप मुख्य व्हावा, असं मालक म्हणतील. दोनच सर्व्हर असताना हे नको. लाइन तुटली की समोरचा बसला, हे दोघांना ठरवता येत नाही. तिसरा साक्षीदार लागतो. आणि तोही पुरत नाही. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क केंद्र आणि तिथलंच मुख्य डेटा सेंटर यांमधला संपर्क फक्त 43 सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेने पश्चिमेकडचे मायएसक्यूएल सर्व्हर मुख्य केले. पूर्वेकडे पलीकडे न गेलेल्या नोंदी राहिल्या, पश्चिमेकडे नव्या चढल्या, आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. तुमच्याकडे ऑफिसात माणूस असतो. त्याने फोन करावा, खात्री करावी, हाताने बदलावं. दहा मिनिटं केंद्रं आपापल्या कॉम्प्युटरवर लिहीत राहतील, तशी सोय तुमच्याकडे आहेच.

ही बदली एकदा मुद्दाम करून बघा. बिल झाल्यावर दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराला, दोन पाळ्यांच्या मधे. आणि त्याआधी केंद्रावरच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा पत्ता कसा लिहिलाय ते उघडून बघा. तिथे नावाऐवजी आकडे टाइप केलेले असतील, तर त्या दुपारी तुम्हाला 42 गावं मोटरसायकलने फिरावी लागतील.