‘समुद्र नको, घरी जाऊ’

"मॅडम, पोराला समुद्र दाखवायचा म्हणून एवढ्या लांब आणलं आणि हा वाळूवर पाय ठेवायला तयार नाही. रडून रडून घसा बसलाय. काल रात्री अंथरूणही ओलं केलं, सहा महिन्यांनी पहिल्यांदा. ह्याचं काही बिघडलंय का हो?"

मी लहान मुलांच्या पालकांना सल्ला देते. मे महिन्यात रत्नागिरीत असे फोन मला दरवर्षी येतात. हे कुटुंब सोलापूरकडचं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोन्या म्हणू, वय सव्वातीन. त्याच संध्याकाळी आई, बाबा, आजी असे सगळे आले. सोन्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं ते वर काढलंच नाही. आजी बसता बसताच म्हणाल्या, "भित्री भागूबाई झालंय नुसतं. ह्याचा बाप लहानपणी विहिरीत उड्या मारायचा." बाबा काही बोलले नाहीत.

मी आधी आदल्या दिवसाचा हिशेब मागितला, अगदी तासातासाचा. रात्रभर गाडी. आंबा घाटात उलटी. सकाळी खोलीवर सामान टाकून थिबा राजवाडा, मग मत्स्यालय. जेवणात तिखट थाळी, त्यातला सोन्याने फक्त पापड खाल्ला. संकष्टी होती म्हणून गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग. दुपारची झोप नाहीच. आणि तीनच्या सुमाराला, डोक्यावर ऊन असताना, समुद्र.

आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी म्हणजे चारचे पाऊणपट, तीन. म्हणजे ही मंडळी नेमकी पूर्ण भरतीला पोचली होती. तिथला समुद्र पाण्यात उतरायला धोक्याचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी सोन्याला उचललं, गुडघाभर पाण्यात नेलं आणि फोटोसाठी खाली उभं केलं. आई मागून "अहो, नको, नको" म्हणून ओरडत होती. लाट आली. बाबांच्या कमरेपर्यंतच आली, पण सोन्याच्या डोक्यावरून गेली. नाकातोंडात खारं पाणी गेलं.

"मग घाबरणार नाही तर काय करणार?" मी म्हटलं. त्या वयाचं मूल साधारण पंच्याण्णव सेंटीमीटर उंच असतं. आपल्याला जी लाट गंमत वाटते ती त्याच्यासाठी अंगावर कोसळणारी भिंत असते, आणि भिंतीला आवाजही असतो. इथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात, तरी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून, हात जोडून मगच होड्या लोटतात. त्यांना कुणी भागूबाई म्हणत नाही. सोन्याची भीती शहाणी होती, असं मी आजींना स्पष्टच सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

मला जास्त काळजी वाटली ती दोन चेहऱ्यांची. लहान मूल अनोळखी गोष्टीसमोर आलं की आधी आपल्या माणसाचं तोंड बघतं. अमेरिकेत १९८५ साली एक वर्षाच्या बाळांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वर जाड काच, खाली खड्डा असल्याचा भास आणि पलीकडे आई. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. सोन्यासमोर तर एकाच वेळी दोन चेहरे होते: बाबा हसत ओढतायत, आई किंचाळतेय. त्याने कुणाचं खरं मानायचं?

हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला पोहता येत नाही, मॅडम. मलाच भीती वाटत होती." मी म्हटलं, भीती लपवून खोटं हसू नका, त्याला ते कळतं. एवढंच करा, की तुम्हाला स्वतःला निवांत वाटेल इतक्या अंतरावर बसा. तेच त्याचंही अंतर.

अंथरुणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. दमणूक, नवी जागा, भेदरलेलं मन यांनी एवढ्या लहान मुलाची नुकतीच लागलेली सवय दोनचार रात्री मागे जाते. रागवायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही. कोकणातल्या दमट उन्हात मुलांना भयंकर घाम येतो, म्हणून रात्री अंथरूण ओलं होईल या धास्तीने पाणी तोडू नका. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि घरी परतल्यावरही आंघोळीच्या पाण्याला घाबरणं, झोपेतून किंचाळत उठणं तीनचार आठवडे चालूच राहिलं, तर पुन्हा बोलू, असं ठरलं.

पुढच्या दिवसाचा बेत मी जवळजवळ रिकामाच करून दिला. अकरा ते चार खोलीत. मऊभात, तूप, थोडा आंबा, दुपारची झोप. सकाळी आठला भाट्याचा किनारा. षष्ठी होती, म्हणजे पहाटे साडेचारला भरती होऊन पाणी उतरत चाललेलं असणार. पाण्यात जायचंच नाही, हे सोन्याला आधीच सांगायचं आणि तो शब्द पाळायचा. बाबांना हे जड गेलं. "म्हणजे एवढं येऊन पाणी नाहीच?" त्यांचा राग मला समजत होता. वर्षभर राबून चार दिवस काढलेले असतात.

माझी सकाळची फेरी भाट्यालाच असते, त्यामुळे ती सकाळ मी लांबून पाहिली. सुरूच्या बनाच्या कडेला चटई, त्यावर चौघं. पाणी बरंच आत गेलेलं. सोन्या आधी चटईवरूनच उतरेना. मग त्याला वाळूत साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली. छोटे खेकडे वाळू चाळून खातात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती टाकतात. त्याने एक पाय खाली ठेवला, आणि समोरचा खेकडा सुळकन बिळात. सोन्या तसाच थिजला. मग उकिडवा बसून बिळात बघत राहिला, चांगली दहा मिनिटं. कुणी हाक मारली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

मी जवळ गेले तेव्हा आजी चटईच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, पाण्याकडे जाऊन आलात?" त्या हळूच म्हणाल्या, "न्हाई बाई. बासष्ट वर्षांत पयल्यांदाच बघतीया समिंदर. मलाबी भ्या वाटतंय."

सोन्याने ते ऐकलं. तो उठून आजीजवळ आला, तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुला पण?" आजींनी मान हलवली. मग त्याने चटईवरची करवंटी उचलली. "तू हितंच बस. मी आणतो." ओहोटीने मागे ठेवलेल्या एका डबक्यापर्यंत तो गेला, समुद्र तिथून अजून बराच लांब होता. दोन्ही हातांनी करवंटी धरून आला तोवर अर्धं पाणी सांडलेलं. उरलेलं त्याने आजीच्या पायांवर ओतलं. आजींनी पाय मागे घेतला नाही.

बाबांनी फोन बाहेर काढला. क्षणभर थांबले. "सोन्या, फोटो काढू?"

"नको."

फोन परत खिशात गेला.